क्रिटिकल खनिजे आणि नैसर्गिक पोझोलाना: खाण प्रकल्पांच्या स्वतंत्र तांत्रिक पडताळणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र तांत्रिक पडताळणी म्हणजे नेमके काय?

खाण प्रकल्पाच्या कागदांवर काही दावे असतात: जमिनीखाली अमुक टन खनिज आहे, त्याची प्रत तमुक टक्के आहे, ते काढता येईल, शुद्ध करता येईल आणि विकता येईल. प्रकल्पाशी हितसंबंध नसलेल्या आणि त्या खनिजाचा अनुभव असलेल्या माणसाने हे दावे खडकापर्यंत मागे जाऊन तपासायचे, याला पडताळणी म्हणतात. 'खडकापर्यंत' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. जुना अहवाल वाचून त्यावर नवा अहवाल लिहिला, तर ते परीक्षण होईल. पडताळणीत नमुना पुन्हा घ्यावा लागतो, बोअरहोलच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे लागते आणि आकडा ज्या कागदावर पहिल्यांदा उमटला तो मूळ कागद शोधावा लागतो.

याची गरज कशी निर्माण झाली?

फसवणुकीतून आणि अतिउत्साहातून, दोन्हींतून. 1969-70 मध्ये ऑस्ट्रेलियात विंडारा येथे निकेल सापडल्याच्या बातमीवर पोसायडन या कंपनीचा शेअर एका डॉलरच्या आतून 280 डॉलरवर गेला आणि नंतर कोसळला. त्या काळात कोणीही काहीही जाहीर करू शकत असे. त्या अनुभवातून तिथे खनिजसाठ्यांच्या जाहीर निवेदनांसाठी समिती बसली आणि पुढे 1989 मध्ये अशा निवेदनांचे नियम सांगणाऱ्या जोर्क संहितेची पहिली आवृत्ती निघाली.

दुसरे प्रकरण जास्त गाजले. बोर्निओ बेटावरच्या बुसांग येथे ब्री-एक्स या कॅनडातील कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा जाहीर केला. 1997 च्या सुरुवातीला हा आकडा सुमारे 7 कोटी औंसांवर पोहोचला होता. भागीदारीसाठी पुढे आलेल्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने ब्री-एक्सच्या बोअरहोलशेजारीच स्वतःची बोअरहोल घेतली, तेव्हा त्यांत सोने जवळजवळ नव्हतेच. मग स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तांत्रिक संस्थेने तपासणी केली आणि मे 1997 मध्ये नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे स्पष्ट केले. पूर्वसूचना आधीपासून समोर होत्या. कोअर, म्हणजे बोअरहोलमधून निघणारा खडकाचा दांडा, उभा कापून अर्धा भाग जपून ठेवायची रीत असते. तिथे जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला जात होता, म्हणजे पुन्हा तपासायला काही उरतच नव्हते. शिवाय सोन्याचे कण नदीच्या वाळूत घासले गेल्यासारखे गोलसर होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसत होते, पण त्याचा अर्थ विचारणारा हितसंबंध नसलेला माणूस तिथे वेळेवर नव्हता.

यानंतर कॅनडात खाण प्रकल्पांची माहिती जाहीर करण्यासाठी एनआय 43-101 हा नियम आला आणि तो 1 फेब्रुवारी 2001 पासून लागू झाला.

'स्वतंत्र' कोणाला म्हणायचे? पैसे तर कंपनीच देते ना?

देते, आणि हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. फी कंपनीने दिली म्हणून स्वातंत्र्य आपोआप संपत नाही. मात्र त्या माणसाकडे कंपनीचे शेअर असतील, प्रकल्प यशस्वी झाला तरच मोबदला मिळणार असेल किंवा शेजारच्या खाणपट्ट्यात त्याचा वाटा असेल, तर त्याला स्वतंत्र म्हणता येणार नाही. एनआय 43-101 मध्ये काही प्रसंगी स्वतंत्र तज्ज्ञ सक्तीचा आहे, उदाहरणार्थ पहिल्यांदा साठा जाहीर करताना. जोर्कमध्ये आणि अमेरिकेच्या एस-के 1300 नियमात तज्ज्ञ कंपनीचा कर्मचारीही असू शकतो, पण ते नाते उघड करावे लागते. त्यामुळे 'जोर्कनुसार अहवाल' या शब्दांवरून तो स्वतंत्र असल्याचे गृहीत धरू नका. अहवालातले स्वाक्षरीचे पान वाचा.

आम्ही आणखी एक गोष्ट पाहतो: त्याच सल्लागाराने आधी प्रकल्पाची रचना केली होती का? स्वतःचेच काम स्वतः तपासणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी ज्या गृहीतकावर त्याने सगळे उभे केले, त्यावर त्याची नजर पुन्हा ठरत नाही.

वेगवेगळ्या संहितांत फरक काय?

पाया एकच आहे. कॅनडाचा एनआय 43-101, ऑस्ट्रेलेशियाची जोर्क, दक्षिण आफ्रिकेची सामरेक, युरोपची पर्क आणि अमेरिकेचा 2021 पासून बंधनकारक झालेला एस-के 1300, या सगळ्यांच्या व्याख्या क्रिर्स्को या आंतरराष्ट्रीय समितीच्या साच्याशी जुळतात. सही करणाऱ्याला जोर्कमध्ये कॉम्पिटंट पर्सन म्हणतात आणि कॅनडा-अमेरिकेत क्वालिफाइड पर्सन. किमान पाच वर्षांचा संबंधित अनुभव आणि शिस्तभंगाची कारवाई करू शकणाऱ्या व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व या अटी महत्त्वाच्या. 'संबंधित' या शब्दावर भर हवा. सोन्याच्या शिरांवर तीस वर्षे काढलेला भूवैज्ञानिक खाऱ्या पाण्यातल्या लिथियमसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

रिसोर्स आणि रिझर्व्ह, दोन्ही 'साठा'च ना?

मराठीत दोन्हींना आपण साठा म्हणतो आणि बातम्यांमधला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. रिसोर्स म्हणजे जमिनीखाली असलेले आणि पुढेमागे फायद्यात काढता येण्याची वाजवी शक्यता असलेले खनिज. रिझर्व्ह हा त्याचा लहान भाग. खाणीचा आराखडा, शुद्धीकरण, खर्च, बाजार, परवाने आणि पर्यावरण या सगळ्या चाळण्यांतून तो पार पडलेला असतो.

रिसोर्समध्येही तीन पायऱ्या आहेत. इन्फर्डमध्ये बोअरहोल विरळ असतात आणि मधल्या जागेबद्दलचा विश्वास कमी असतो. इंडिकेटेडवर खाणीचा आराखडा आखता येतो. मेझर्डमध्ये विश्वास सर्वांत जास्त. इन्फर्डचे थेट रिझर्व्ह करता येत नाही. 'एक्स्प्लोरेशन टार्गेट' तर रिसोर्सही नसतो, ती फक्त शोधाची दिशा असते. त्यामुळे 'साठा सापडला' ही बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच ठेवा: यातली कोणती पायरी?

पडताळणी करणारा प्रत्यक्ष जागेवर काय करतो?

सगळ्यात आधी बोअरहोल शोधतो. नकाशावर साठ असतील तर त्यांतली काही निवडून त्यांच्या तोंडाचे अक्षांश, रेखांश आणि उंची स्वतः मोजतो. कोणती पाहायची हे त्याने ठरवायचे, कंपनीने नाही. मग कोअरच्या पेट्या उघडायच्या. लॉगमध्ये, म्हणजे बोअरहोलच्या नोंदीत, लिहिलेला खडक आणि पेटीतला खडक एकच आहे का, कोअर किती टक्के हाती आला आणि कुठे तुटून वाहून गेला, हे बघायचे. मऊ, भुसभुशीत थरांत चांगला भाग पाण्याबरोबर निघून जातो किंवा नेमका उलटा प्रकार होतो. दोन्ही वेळा प्रत चुकते.

त्यानंतर तो स्वतःच्या हाताने नमुने घेतो. उरलेल्या अर्ध्या कोअरचा पाव भाग कापून, पिशवीला सील लावून, स्वतः निवडलेल्या प्रयोगशाळेत पाठवतो. ती पिशवी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या ताब्यात होती, याची साखळी लिहून ठेवायची असते. काही प्रकल्पांत जुन्या बोअरहोलला खेटून नवे बोअरहोल घेतात आणि दोन्हींची तुलना करतात. खर्चिक काम आहे, पण बुसांगचे बिंग अशाच बोअरहोलांनी फोडले.

बाकीचे काम कार्यालयात बसून होते आणि तेही तितकेच मोलाचे असते. प्रयोगशाळेची प्रमाणपत्रे कंपनीच्या फाइलमधून न घेता प्रयोगशाळेकडून थेट मागवायची आणि डेटाबेसमधल्या आकड्यांशी ताडून पाहायची. दशांशचिन्ह सरकणे, पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आणि टक्के यांची अदलाबदल, दोन नमुन्यांचे क्रमांक उलटे लागणे, अशा चुका चांगल्या कंपन्यांतही सापडतात.

प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे. मग तिचे आकडे का तपासायचे?

प्रयोगशाळांसाठीची आयएसओ 17025 ही आंतरराष्ट्रीय मान्यता चांगलीच, पण ती पद्धतीला मिळते, तुमच्या पिशवीला नाही. म्हणून नमुन्यांच्या रांगेत मधूनमधून तीन प्रकारचे नियंत्रण नमुने घालतात. प्रमाणित नमुन्याची प्रत आधीच ठाऊक असते. कोऱ्या नमुन्यात ते खनिज नसतेच, त्यामुळे तिथे आकडा आला तर आधीच्या नमुन्याची भुकटी यंत्रात राहिली असे समजते. तिसरा म्हणजे एकाच कोअरची किंवा भुकटीची जोडी. शिवाय काही भुकट्या दुसऱ्या, पंच म्हणून नेमलेल्या प्रयोगशाळेत जातात.

नियंत्रण नमुने घातले होते का, एवढे विचारून थांबू नका. ते नापास झाले तेव्हा कंपनीने काय केले, हे विचारा. आलेख काढून फाइलला लावणे सोपे असते. नापास झालेली तुकडी पुन्हा तपासायला पाठवली की नाही, यावरून कामाची शिस्त कळते.

आणखी एक बारकावा. खडक विरघळवण्याची पद्धत खनिजाला साजेशी हवी. झिरकॉन, झेनोटाइमसारखी चिवट खनिजे चार आम्लांच्या मिश्रणातही पूर्ण विरघळत नाहीत, त्यासाठी फ्युजन, म्हणजे भुकटी क्षारासोबत तापवून वितळवणे, करावे लागते. क्षकिरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राला लिथियम दिसतच नाही, कारण ते मूलद्रव्य फार हलके आहे. त्या यंत्राच्या जोरावर कोणी लिथियमची प्रत सांगत असेल, तर चर्चा तिथेच थांबवा.

क्रिटिकल खनिजांत वेगळे असे काय तपासावे लागते?

क्रिटिकल हा भूगर्भशास्त्राचा शब्द नाही. ज्याची गरज मोठी आणि पुरवठा मोजक्या हातांत, ते खनिज क्रिटिकल, आणि प्रत्येक देशाची यादी निराळी. अमेरिकेच्या 2022 च्या यादीत 50 नावे होती, युरोपीय संघाच्या 2023 च्या यादीत 34, भारताच्या 2023 च्या यादीत 30. यादीत नाव आले म्हणून एखादा खडक खाण होत नाही.

या खनिजांची खरी अडचण अशी की 'किती टक्के आहे' यापेक्षा 'कशात अडकले आहे' हे जास्त महत्त्वाचे असते. निकेलचे उदाहरण घ्या. ऑलिव्हीन या खनिजाने भरलेल्या काळ्या खडकांत जवळपास सगळीकडे सुमारे 0.2 टक्के निकेल असते, पण ते सिलिकेटच्या जाळीत बसलेले असते. प्लवनाने, म्हणजे भुकटी पाण्यात घुसळून फेसासोबत खनिज वर आणण्याच्या पद्धतीने, ते वेगळे होत नाही. तेच निकेल सल्फाइड खनिजात असेल तर निघते. एकूण निकेल जाहीर करणारा आणि सल्फाइडमधले निकेल जाहीर करणारा, दोघांचे आकडे सारखे दिसू शकतात. एकाकडे खाण आहे, दुसऱ्याकडे डोंगर.

लिथियमचेही तसेच. स्पोड्युमीन आणि लेपिडोलाइट या दोन्ही खनिजांत लिथियम आहे, प्रक्रिया मात्र वेगळ्या. स्पोड्युमीन सुमारे 1,050 अंश सेल्सिअसला भाजून त्याचे स्फटिकरूप बदलल्याशिवाय आम्ल त्यात नीट शिरत नाही. त्यात एककांचा घोळ आहे: कोणी लिथियम धातूत सांगतो, कोणी ऑक्साइडमध्ये, कोणी कार्बोनेटच्या समतुल्यात. धातूचा आकडा 5.323 ने गुणला की कार्बोनेटचा आकडा येतो, म्हणजे तोच साठा पाचपट मोठा वाटतो. यात खोटे काही नाही, पण दोन प्रकल्पांची तुलना करण्याआधी एकक एक करून घ्या.

दुर्मीळ मृदा धातूंत एकूण ऑक्साइडचा आकडा फसवा असतो. लँथॅनम आणि सिरियम भरपूर असतात पण स्वस्त. चुंबकासाठी लागणारे निओडायमियम, प्रासिओडायमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम किती, त्यावर अर्थकारण ठरते. खनिज मोनाझाइट असेल तर थोरियम सोबत येते आणि किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या टक्क्यांइतकाच पापुद्र्यांचा आकार मोलाचा, आणि तो दळताना मोडतो.

खाऱ्या पाण्यातले लिथियम तर खडकच नाही. तिथे साठा हलता असतो. थरातल्या पोकळ्यांतून किती पाणी खरोखर निघून येईल, पंप चालवल्यावर बाजूचे गोडे पाणी आत येऊन ते पातळ होईल का, हे तपासायला जलभूवैज्ञानिक हवा आणि दीर्घकाळ चाललेल्या पंप चाचण्या हव्यात.

नैसर्गिक पोझोलाना म्हणजे काय, आणि त्याची एवढी चर्चा आता का?

ज्वालामुखीची राख, प्युमिस, टफ (घट्ट होऊन खडक बनलेली राख), काही जिओलाइटयुक्त खडक, डायटोमाइट (सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांचा खडक) यांची बारीक भुकटी पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. नाव इटलीतल्या नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावावरून आले. रोमन लोकांनी हीच राख वापरून बंदरे बांधली. आजच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग काढून हा पदार्थ घातला, तर कार्बन उत्सर्जन घटते आणि काँक्रीट बहुधा जास्त टिकाऊ होते. अनेक देशांत कोळशाची वीजकेंद्रे बंद होत असल्याने काँक्रीटमध्ये घातली जाणारी कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय अॅश, कमी पडू लागली आहे. म्हणून सगळ्यांचे लक्ष पुन्हा या जुन्या राखेकडे वळले.

डोंगरच्या डोंगर राखेचा आहे, डोळ्यांना दिसतो. मग पडताळायचे काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि सर्वांत महागड्या चुकाही इथेच होतात.

पोझोलाना हे वैशिष्ट्यांवर विकले जाणारे औद्योगिक खनिज आहे. जोर्क स्पष्ट सांगते की अशा खनिजाचा साठा जाहीर करताना उत्पादनाची वैशिष्ट्येही जाहीर झाली पाहिजेत. 'इतके टन टफ' हा साठा नव्हे. 'अमुक मानकात बसणारी भुकटी देणारा इतके टन टफ' हा साठा.

आणि सगळा टफ सारखा नसतो. ज्वालामुखीतून वाहत आलेल्या तप्त राखेचा जाड थर थंड होताना मधोमध घट्ट वितळून जुळतो. तिथली काच (राखेचा स्फटिक न झालेला भाग) कालांतराने स्फटिकांत बदलते, फेल्डस्पार आणि क्रिस्टोबलाइट तयार होतात, आणि पोझोलाना म्हणून त्याचा उपयोग घसरतो. कडेचा सैलसर भाग मात्र काचमय राहतो. पाणी मुरले तर काचेची माती होते. फुगणारी स्मेक्टाइट माती असेल, तर काँक्रीटला पाणी जास्त लागते आणि महागडी रसायने ती माती शोषून घेते. हे सगळे एकाच डोंगरात, पन्नास मीटरच्या अंतरात घडू शकते. दर्शनी कड्यावरून पाच नमुने घेऊन अख्ख्या डोंगराचा हिशोब मांडला असेल, तर तो मान्य करू नये.

घनतेचीही एक गोष्ट. प्युमिस पोकळ्यांनी भरलेला आणि ओलावा धरणारा खडक आहे. समजा आकारमान 10 लाख घनमीटर आहे. पुस्तकातून 1.4 ही घनता घेतली तर 14 लाख टन झाले. कोरडी घनता प्रत्यक्षात 0.9 निघाली तर 9 लाख टन. एकही नमुना खोटा नसताना पाच लाख टन नाहीसे होतात.

नमुना एएसटीएम सी618 मध्ये उत्तीर्ण झाला आहे. एवढे पुरेसे नाही का?

आवश्यक आहे, पुरेसे नाही. काँक्रीटमध्ये घालायच्या राखेसाठीच्या या अमेरिकन मानकात नैसर्गिक पोझोलानाचा वर्ग एन आहे. सिलिका, अॅल्युमिना आणि लोहऑक्साइड यांची बेरीज किमान 70 टक्के, जाळल्यावर वजनात होणारी घट जास्तीत जास्त 10 टक्के, 45 मायक्रॉनच्या चाळणीवर उरणारी भुकटी जास्तीत जास्त 34 टक्के, आणि 20 टक्के सिमेंटच्या जागी हा पदार्थ घातल्यावर मॉर्टरची ताकद तुलनेच्या मॉर्टरच्या किमान 75 टक्के.

आता विचार करा: साधी नदीची वाळू 70 टक्क्यांची अट सहज पार करते, कारण ती बहुतेक सिलिकाच असते. पण क्वार्ट्झ चुन्याशी संयोग पावत नाही. वाळू पुरेशी बारीक दळली तर ताकदीची चाचणीही ती पार करू शकते, कारण 80 टक्के सिमेंट तिथे आहेच. म्हणून आम्ही दोन गोष्टींचा आग्रह धरतो. एक्सरे डिफ्रॅक्शनने काचेचे, म्हणजे अस्फटिक भागाचे, प्रमाण मोजावे. आणि प्रतिक्रियाशीलता थेट मोजणारी आर3 चाचणी करावी. ती आता एएसटीएम सी1897 म्हणून प्रमाणित आहे. तीत सिमेंट नसतेच. पदार्थ चुन्यासोबत 40 अंशांवर ठेवून निघणारी उष्णता किंवा बांधले गेलेले पाणी मोजतात, त्यामुळे सिमेंटच्या आड लपायला जागा राहत नाही.

चाचणीचा नमुना कसा दळला, हेही विचारा. प्रयोगशाळेत तासभर दळलेली भुकटी आणि कारखान्यातून परवडणाऱ्या विजेत निघणारी भुकटी एकच नसते.

आरोग्याचा धोका या पडताळणीत येतो का?

यायलाच हवा. क्रिस्टोबलाइट आणि क्वार्ट्झच्या श्वासावाटे जाणाऱ्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, कर्करोगही होतो. जिओलाइटयुक्त टफमध्ये एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज असू शकते. तुर्कस्तानात कॅपाडोसियातल्या कराइन आणि तुझकॉय या गावांत घराच्या दगडांत आणि परिसरात हे खनिज होते, आणि तिथे मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने माणसे मोठ्या संख्येने दगावली. एरिओनाइट सिद्ध कर्करोगकारकांच्या गटात आहे. त्यामुळे जिओलाइट दिसले की एरिओनाइटसाठी वेगळी तपासणी झाली पाहिजे. हा खर्च वाचवण्याजोगा नाही.

बाजार तपासणे हे तांत्रिक काम आहे का?

पोझोलानाच्या बाबतीत, हो. वजनाच्या मानाने हा माल स्वस्त असतो आणि वाहतुकीचा खर्च लवकरच मालाच्या किमतीला गाठतो. ग्राहक किती अंतरावर, रेल्वे किंवा बंदर आहे का, आणि काँक्रीट बनवणाऱ्याने हा माल स्वतःच्या मिश्रणात तपासून पाहिला का, यावर रिझर्व्ह ठरते. ग्राहकाचे सहकार्याचे पत्र आणि खरेदीचा करार यांत फरक आहे.

टाकाऊ गाळाच्या धरणांचे काय?

25 जानेवारी 2019 रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे लोहखनिजाच्या खाणीचे गाळधरण (खनिज वेगळे केल्यावर उरलेला गाळ अडवणारे धरण) फुटून 270 माणसे मेली. त्या धरणाला आदल्याच वर्षी बाहेरच्या तपासनीसांनी स्थिरतेचे प्रमाणपत्र दिले होते. हे लिहिताना आम्हाला आमच्या व्यवसायाची जबाबदारी तीव्रतेने जाणवते. बाहेरचा माणूस आणि स्वतंत्र माणूस यांत किती अंतर असू शकते, हे त्या दिवशी जगाने पाहिले. ऑगस्ट 2020 मध्ये गाळधरणांसाठी जागतिक मानक आले आणि मोठ्या धोक्याच्या धरणांसाठी स्वतंत्र परीक्षण मंडळ आवश्यक झाले. धरणाची पडताळणी हे साठ्याच्या पडताळणीचे परिशिष्ट मानू नका. त्यासाठी वेगळा भू-अभियंता नेमा.

अहवाल हातात आला. भूविज्ञान येत नसेल तर आधी काय वाचावे?

सारांश सोडून द्या. आधी जागेला भेट कोणी दिली, कोणत्या तारखेला आणि किती दिवस, ते पाहा. मग डेटाच्या पडताळणीचे प्रकरण वाचा. तिथे 'कंपनीने पुरवलेल्या माहितीवर विसंबून' एवढेच असेल, तर पडताळणी झालेली नाही. त्यानंतर प्रक्रिया चाचण्यांचे नमुने कुठून घेतले ते बघा. सगळे एकाच समृद्ध भागातून घेतले असतील, तर बाकीच्या साठ्याबद्दल ते काही सांगत नाहीत. शेवटी अनिश्चितता आणि जोखीम. हे प्रकरण अर्ध्या पानात संपत असेल, तर सही करणाऱ्याला फोन करून विचारा.

पडताळणीत दावा टिकला नाही तर?

तर तसे लिहायचे, आणि कारण लिहायचे. बहुतेक वेळा प्रकल्प खोटा नसतो, घाईत असतो: बोअरहोल विरळ, घनता पुस्तकातली, चाचण्या अपुऱ्या. अशा वेळी साठा खालच्या पायरीवर आणतात आणि वर यायला काय करावे लागेल ते नेमके सांगतात, किती बोअरहोल, कुठे, कोणत्या चाचण्या. फेरफार आढळला तर मात्र मसुद्यावर वाटाघाटी करायच्या नाहीत. नमुने सील करून ठेवायचे आणि नियामकाला कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे काम हाती घेतानाच्या करारात आधीच लिहून घ्यायचे.